ठोक्याचं टेबल

“तोंड नका काढू, मॅडम. हात काढा नुस्तं,” हिंदुरावमामा म्हणाले. “जे काय हाय ते हातात हाय.”

मी फोन खाली केला. “मामा, कोण सांगतंय ते लोकांना दिसायला नको का?”

“छत्तीस वरसं हितं उभा हाय. माझा हात वळखत नसंल त्यानं घरी जावं.”

शेजारी उभी असलेली शमा फिस्सकन हसली. मामांनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि लाकडी ठोकळ्यांवर पंपाची बॉडी नीट बसवली.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत आमचा पंपांचा कारखाना होता. ओतीव लोखंडाच्या बॉड्या फौंड्रीतून थंड होऊन यायच्या, ग्राइंडरवर घासल्या जायच्या आणि मग या टेबलावर यायच्या. इथं बाकी काही नव्हतं. एक लाकडी टेबल, एक छोटी हातोडी आणि खडू. हातोडीनं बॉडीवर ठोका मारायचा. बॉडी धड असली तर देवळातल्या घंटेसारखी वाजते, आत कुठं केसाएवढी चीर असली तर बद्द वाजते. बद्द वाजली की खडूनं फुली. सगळे त्याला ठोक्याचं टेबल म्हणायचे. हिंदुराव खोत हे त्या टेबलाचे राजे. त्यांच्या पाळीत एकही चिरलेली बॉडी गेटाबाहेर गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

दुसऱ्या पाळीत शमा मुजावर होती. चोवीस वर्षांची, दोन वर्षं मामांच्या हाताखाली शिकलेली. पाळी दुपारी तीनला सुरू व्हायची, तरी ती अकरालाच येऊन मामांशेजारी उभी राहायची. तिच्या पाळीतल्या सहा बॉड्या गिऱ्हाइकाकडून परत आल्या होत्या. सहाही चिरलेल्या. आमचे प्लांट हेड हेर्लेकर साहेब म्हणाले होते, आणखी महिनाभर बघू, नाहीतर मुलीला पॅकिंगला टाकू. हिंदुरावमामा तीन आठवडे मला ‘उद्या बघू’ म्हणत होते, ते शमाच्या नावावर बट्टा लागला म्हणून व्हिडिओला तयार झाले.

व्हिडिओचं खूळ हेर्लेकर साहेबांचंच. कुठल्याशा सेमिनारवरून ते आले आणि मला बोलावून म्हणाले, “गौतमी, आपली परिपत्रकं कुणी वाचत नाही.” हे खरंच होतं. नोटीस बोर्डाच्या काचेची किल्ली हरवून दोन वर्षं झाली होती आणि आत गेल्याच्या गेल्या वर्षीच्या झेंडावंदनाची सूचना पिवळी पडून लटकत होती. “एक मिनिटाचे व्हिडिओ काढायचे. कामगारांनी कामगारांसाठी. कॅंटीनच्या टीव्हीवर लावायचे, ग्रुपवर टाकायचे. तुम्हाला सध्या बसून करण्यासारखं काम हवंच आहे.”

मला तसं काम नको होतं. पण सहा महिन्यांच्या बाळंतपणाच्या रजेवरून मी परतले तेव्हा एचआरमधल्या माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. माझ्या चहाच्या कपात तिनं पेनं उभी केली होती. मी फोन घेतला आणि मशीनं चालतात तिथं, शॉपमध्ये गेले.

पहिला व्हिडिओ कॅंटीनच्या अक्काताईंचा. ‘अन्नाची नासाडी टाळावी’ हे परिपत्रक चार वेळा निघून काही फरक पडला नव्हता. अक्काताई उष्ट्या भाताची बादली फोनपुढं धरून एवढंच म्हणाल्या, “घरात आईम्होरं असं टाकून उठून दाखव बघू.” दुसऱ्या दिवशी बादली निम्मी. मग क्रेनवाल्या पोवारांचा झाला, मग पेंट शॉपचा. लोक स्वतःहून यायला लागले. मला काम आवडायला लागलं होतं.

तर त्या दिवशी मामांनी ठोका मारला. टण्ण.

“ऐका,” ते हातांकडे बघत म्हणाले. “ही चांगली. आता ही बघा.” दुसरी बॉडी. बद्द. “ही मेली. कान उघडं ठेवायचं. कानावर काय बी घालायचं न्हाई. कान हेच हत्यार.”

भिंतीवर खिळ्यांना सहा कानरक्षक लटकत होते, वर्षांनुवर्षांची धूळ खात. त्यांच्यावर ‘वापर सक्तीचा’ अशी पाटी होती. अख्ख्या शॉपला सक्ती, ठोक्याच्या टेबलाला माफी. कान झाकले तर ठोका ऐकणार कसा? चार ग्राइंडर दहा हातांवर किंचाळत असायचे. त्या गोंगाटात बोलणं म्हणजे अर्धं ओरडणं आणि अर्धे हातवारे. घरी गेल्यावर माझ्याही डोक्यात तासभर भुंगे फिरायचे.

“आन् घाई करायची न्हाई,” मामा शमाला म्हणाले.

“आँ? काय म्हणालासा?”

“घाई करू नको म्हनलं.”

“व्हय व्हय.”

दीड-दोन मिनिटांत काम झालं. शमानं फोनमध्ये डोकावून पाहिलं. “ताई, मी आलो का यात?” कोल्हापूरच्या पुष्कळ पोरींसारखी तीही स्वतःला आलो, गेलो म्हणायची.

“आलीस की. अर्धी.”

“अर्धी तर अर्धी. अम्मीला दाखवतो.”

*

साडेबाराला मी गेटाजवळच्या पाळणाघरात गेले. दोन खोल्या, सात पाळणे, एक मावशी. मला दिवसातून दोनदा अंगावर पाजायला जायची परवानगी होती. माझी चिमी सात महिन्यांची. ती पीत पीत झोपायची आणि झोपली की मांडीवरून उचललं तरी जागी व्हायची. म्हणून मी तिला तशीच मांडीवर ठेवून एका हातानं फोनवर व्हिडिओ कापायचे. आवाज बंद करून. अक्काताईंचा, पोवारांचा, सगळे मी असेच कापले होते. आधी चित्र मुकं नीट लावायचं, मग आवाज ऑफिसात टेबलाशी जाऊन ऐकायचा.

मामांचा व्हिडिओ मी मुका चार वेळा पाहिला.

तिसऱ्या वेळेला काहीतरी खटकलं. चौथ्या वेळेला दिसलं. मामांचा उजवा हात हातोडी मारत होता. डावा हात बॉडीच्या काठावर होता, तीन बोटांची नुसती टोकं टेकलेली. दाब नाही काही नाही. ठोका पडला की ती बोटं तिथंच राहायची, आणि मामांची मान ठोक्याबरोबर नाही, बोटं उचलल्यावर हलायची. आधी बोटं, मग होकार. प्रत्येक वेळी.

मग मागून क्रेन गेली. तो भोंगा मला आठवत होता, मी दचकले होते, फोनही हलला होता. चित्रात शमा वर बघते, ग्राइंडरवरचे दोघे वर बघतात. मामा वर बघत नाहीत. क्रेनची सावली टेबलावर आल्यावर अर्धं पाऊल बाजूला होतात.

चिमीचा श्वास मला पाळणाघरात कधी ऐकू यायचा नाही. बाहेर ट्रक, कॉम्प्रेसर, पलीकडच्या पाळण्यातलं रडणं. म्हणून मी दर थोड्या वेळानं तिच्या छातीवर दोन बोटं टेकवायचे. दाबायचे नाही, नुसती टेकवायचे. त्या क्षणीही माझी बोटं तिथंच होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग फोनमधल्या मामांच्या बोटांकडे.

एचआरमध्ये माझी खुर्ची नव्हती, पण रजेच्या रजिस्टरला हात लावायला कुणाची ना नव्हती. दर ऑक्टोबरात कान तपासणारी गाडी कारखान्यात यायची. जो नापास, त्याला शॉपमधून काढायचा नियम होता. क्रेनचा भोंगा ऐकू येत नसलेला माणूस क्रेनखाली कोण उभा करणार? मी हिंदुराव खोतांचं पान काढलं. एका वर्षी भावकीतलं लग्न. एका वर्षी कंबर. एका वर्षी म्हैस व्यायली. मी सात वर्षांचे ऑक्टोबर मागं गेले. सातही वर्षं ते नेमके गाडीच्या दिवशी रजेवर होते.

*

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मामा पाण्याच्या टाकीमागं एकटे बसायचे तिथं मी गेले. त्यांच्यासमोर बसले. डाव्या हाताची तीन बोटं त्यांच्या चहाच्या ग्लासच्या काठावर टेकवली.

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.

“कितीजणांस्नी दाखवलासा?”

“कुणालाच नाही.”

“साहेबास्नी?”

मी नकारार्थी मान हलवली.

“डावा कान जाऊन दहा वरसं झाली,” ते म्हणाले. “उजवा आठ. घरात मालकिणीला म्हाईत हाय. आता तुम्हांस्नी.”

“आणि शॉपमध्ये इतकी वर्षं कुणाला कळलं नाही?”

“तिथं कोण ऐकतंय कुणाचं?” ते हसले. “तिथं समदीच बहिरी. तोंड बघायचं, हात बघायचा. मी जरा जास्त बघतो, एवढंच. लोक म्हनत्यात, म्हातारा माजलाय, हाक मारली तर वळत न्हाई. म्हनू देत.”

म्हणजे मोबाइल न वापरणारा जुना माणूस, युनियनच्या सभेत मागं न बसता पहिल्या रांगेत बसणारा, गप्पांत नसणारा माणूस, सगळ्याचा अर्थ एकाच ठिकाणी होता.

“ठोका मग कळतो कसा?”

“चांगल्या बॉडीत मुंग्या ऱ्हात्यात. बोटात. दोन, तीन मोजूस्तवर. चिरलेली असली तर मुंग्या लगीच मरत्यात.” त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली. “उजवा कान चालला तवा भ्यालो. मग एक दिवस हात चुकून तिथं ऱ्हायला. तेच्यानंतर एक बी सुटली न्हाई. खरं सांगू? कान असताना सुटायच्या.”

मी काही बोलायच्या आत ते पुढं झुकले. “मॅडम, चौदा म्हयनं ऱ्हायल्यात माझं. टेबल गेलं तर मला स्टोअरात बसवतील, वायसर मोजत. न्हाईतर गेटावर. गेटावर फोन वाजतो, तो बी मला ऐकू येनार न्हाई. हातोडी हातात असताना जाऊ दे मला. टाकू नका त्यो व्हिडिओ.”

मला माझा कप आठवला, पेनं खोचलेला. मी म्हटलं, “बोटं कापून टाकते मामा. नुसता हातोडीचा हात ठेवते. तुमचं सांगणं ठेवते. कुणाला कळणार नाही.”

“असं व्हतं?”

“होतं. मी रोज तेच करते.”

त्यांनी दोन्ही हात जोडले. मला अवघडल्यासारखं झालं, मी उठले.

दुपारी हेर्लेकर साहेबांनी विचारलं, “खोतांचा झाला का? सोमवारी मला तो मोठ्या स्क्रीनवर हवाय. दोन्ही पाळ्यांना एकत्र बसवतोय.”

“आवाज जरा नीट आलेला नाही, साहेब. दुरुस्त करते,” मी म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर मीच चपापले.

*

बोटं कापणं सोपं होतं. चौकट जरा उजवीकडे सरकवली की डावा हात बाहेर. उरली हातोडी, बॉडी आणि शमाचा अर्धा चेहरा. मग आवाज जुळवायला मी ऑफिसात टेबलाशी बसून कानात इअरफोन घातले.

“कान उघडं ठेवायचं,” मामांचा आवाज. “कान हेच हत्यार.”

तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या हातातल्या वस्तूची लाज वाटली. जो माणूस बोटांनी ऐकतो तो लोकांना कान उघडे ठेवायला सांगत होता आणि मी बोटं कापून ते आणखी खरं करत होते. दोन वर्षं शमा हेच शिकली होती. कानानं. दहा हातांवर ग्राइंडर असताना. सहा बॉड्या निसटल्या त्यात नवल काय?

पण गप्प राहायचं मी कबूल केलं होतं. मी पुढं ऐकत राहिले.

“घाई करायची न्हाई.”

“आँ? काय म्हणालासा?”

मी मागं घेऊन परत ऐकलं. मामांचा आवाज स्वच्छ होता. माझा फोन शमापेक्षा लांब होता, तरी फोनला ऐकू आलं होतं. मी सबंध फीत काढली, न कापलेली. काम संपल्यावर मामा म्हणतात, “खडू दे.” शमा म्हणते, “काय?” त्याआधी सुरुवातीला मीच म्हणते, “शमा, जरा मागं हो,” आणि ती म्हणते, “आँ ताई?” दोन मिनिटांत तीनदा. पोरगी चोवीस वर्षांची.

जेवणाच्या सुट्टीत मी शमाला गाठलं. सहज विचारल्यासारखं केलं. “कान दुखतात का गं तुझे?”

“दुखत न्हाईत. गुणगुणत्यात,” ती डब्यातली भाकरी मोडत म्हणाली. “अम्मी तेल घालत्या रातच्याला. म्हणत्या, टीव्ही एवढा मोठा का लावतीस. ताई, माझ्या कानातच खोट हाय वाटतंय मला. म्हणून त्या सहा निसटल्या. मामास्नी सांगू नका. ते म्हणतील, हिला कशाला शिकवली.”

आता माझ्याकडे दोघांची दोन गुपितं होती आणि दोघंही एकाच टेबलाला उभे होते.

चहाच्या सुट्टीत मी पुन्हा टाकीमागं गेले. मामांना काही सांगायचं नव्हतं, शमानं सांगू नका म्हटलं होतं. मी फक्त फोन त्यांच्या हातात दिला. न कापलेली फीत. “एकदा बघा, मामा. नीट झालाय का.”

ते बघायला लागले. माझ्या कानाला तर व्हिडिओ वाजत होता, त्यांच्या दृष्टीनं तो मुकाच. आपले हात पाहून त्यांनी मान डोलावली. मग त्यांची नजर हातावरून निघून शमाच्या चेहऱ्यावर गेली. तोंडं वाचायची त्यांना आठ वर्षांची सवय. संपल्यावर त्यांनी विचारलं, “परत कसा लावायचा?”

मी लावून दिला.

दुसऱ्यांदा बघताना त्यांनी डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. एक पेर. मग दुसरं. मग तिसरं. व्हिडिओ संपला तरी अंगठा तिसऱ्या पेरावरच होता.

“तीनदा ‘काय?’ म्हनत्या,” ते म्हणाले.

मी चहाचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

“बोलताना तिच्यासमोर मी हाय. मशीन लांब हाय. तरी तीनदा.” त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. “माझं बी असंच सुरू झालं. पयलं काय-काय. मग टीव्ही मोठा. मालकीण म्हनायची, तोंड धुताना कानात पानी गेलं आसंल.”

“मामा, मी काही...”

“तुम्ही काय बोलला न्हाईसा. मी बघितलं की.” ते उठले, थोडं चालले, परत आले. “कान उघडं ठेव म्हनून मीच सांगितलं तिला. दोन वरसं. पयल्या दिवशी तिनं ते टोपडं खिळ्यावरनं काढून कानाला लावलं व्हतं. मी हातानं काढून परत खिळ्याला लावलं. का? तर तिनं कान झाकून काम केलं तर माझ्याकडं बी कोन तरी बगेल, ह्यो म्हातारा कशानं वळखतो म्हनून.”

ग्लासात चहा तसाच होता. साय धरली होती.

“सोमवारी हाय न्हवं ते?”

“हो.”

“मग उद्या परत काढा. पोरी, आता तोंड बी काढ.”

त्या दिवसापर्यंत त्यांनी मला मॅडमच म्हटलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं शॉपमध्ये असतात तेव्हा मामांनी खिळ्यावरचा एक कानरक्षक काढला. धूळ झटकली. कानांवर चढवला. ग्राइंडरवाले बघायला लागले, कुणीतरी म्हणालं, “मामा, थंडी वाजाय लागली काय?” दोघं-तिघं हसले. मामांना ऐकू यायचा प्रश्नच नव्हता.

पंधरा बॉड्या लावल्या होत्या. ठोका, तीन बोटं, पुढं. ठोका, तीन बोटं, पुढं. चौथीवर फुली. नववीवर फुली. चौदावीवर त्यांनी दुसऱ्यांदा ठोका मारला, बोटं जरा सरकवून टेकवली आणि फुली मारली. शमा नववी उचलून उजेडात फिरवत होती. कुठं काही दिसत नव्हतं. मग तिनं बॉडीला रॉकेल लावून पुसलं आणि वर खडूची भुकटी चोळली, तशी काठाजवळ केसाएवढी ओली रेघ उमटली. हसणं थांबलं.

मामांनी कानरक्षक काढला नाही. फोनकडे तोंड केलं.

“मी हिंदुराव ज्ञानू खोत. मला आठ वरसं झाली, काय बी ऐकू येत न्हाई. ह्या टेबलावर कान गेलं. टोपडं घातलं न्हाई म्हनून गेलं. मी बोटानं वळखतो. बोटं दाबायची न्हाईत, टेकवायची. चांगलीत मुंग्या ऱ्हात्यात, चिरलेलीत मरत्यात. कान लागत न्हाईत ह्या कामाला. मी शिकवताना खोटं शिकवलं. आजपासनं टोपडं घाला. एवढंच.”

फोन मी चालूच ठेवला. मी शमाकडे बघायचं टाळत होते.

शमानं हातोडी टेबलावर ठेवली. मामांच्या समोर, त्यांना तोंड दिसेल अशी आली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी नेमकी समोर.

“दोन वरसं,” ती म्हणाली. “दोन वरसं मी कानात तेल घालून झोपतोय. मला वाटलं माझ्यातच खोट हाय.”

मामा तिच्या ओठांकडे बघत राहिले. समजलं की नाही, कुणाला कळेना. मग म्हणाले, “खोट माझ्यात व्हती. बोट ठिव हितं.”

तिनं ठेवलं नाही. ती मागं वळून निघून गेली. अर्ध्या तासानं परत आली, कारण पाळी तिची होती. त्या दिवशी ती मामांशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण जाता जाता मी पाहिलं, तिनं भिंतीवरचा एक कानरक्षक काढला होता आणि ओढणीनं पुसत होती.

*

सोमवारी व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लागला. मी एक फ्रेमही कापली नव्हती. संपल्यावर हेर्लेकर साहेब बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी नियमानं जे करायचं ते केलं. डॉक्टर बोलावले. आठवड्याच्या आत कागद आला, शॉपसाठी अयोग्य. हिंदुरावमामा स्टोअरमध्ये गेले, वायसर मोजायला. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच. मी साहेबांना दोनदा जाऊन भेटले. ते म्हणाले, “गौतमी, क्रेनखाली काही झालं असतं तर तुम्हीच मला माफ केलं नसतं.”

स्टोअरला दुपारी ऊन यायचं. मामा डबा उघडायचे तेव्हा कधीकधी मी चिमीला घेऊन जायचे. तिला ते वायसरच्या माळा करून द्यायचे. तिची बडबड सुरू झाली होती, अर्थ नसलेली. मामा तिच्या तोंडाकडे बघून प्रत्येक शब्दाला उत्तर द्यायचे. बाकीच्यांपेक्षा त्यांच्या उत्तरात आणि तिच्या प्रश्नात मेळ जास्त असायचा.

ऑक्टोबरात कान तपासणारी गाडी आली. मामांनी रजा टाकली नाही, उगाचच रांगेत उभे राहिले, सगळ्यांच्या आधी नापास होऊन आले. शमाचा कागद मी स्वतः फाइलला लावला. ती पास झाली होती, पण उजवा कान थोडा गेला होता, तो परत यायचा नव्हता. पुढच्या ऑक्टोबरातही तेवढाच होता. दुसऱ्या पाळीतून बॉडी परत आली नाही. खिळ्यांवर काही लटकायचं उरलं नाही.

ती मामांशी कधी बोलायला लागली, मला ठाऊक नाही. विचारलंही नाही.

मामांच्या शेवटच्या दिवशी कार्यालयात शाल, नारळ, फोटो झाले. तिथून ते परस्पर शॉपमध्ये निघाले. मी मागोमाग गेले. ग्राइंडर चालू होते. शमा आमच्याकडे पाठ करून टेबलाशी उभी होती, कानावर टोपडं, डाव्या हाताची तीन बोटं बॉडीच्या काठावर. मामांनी हाक मारली नाही. ते टेबलाच्या या टोकाला थांबले आणि बोटाच्या पेरानं लाकडावर दोनदा वाजवलं, अगदी हळू. मी शेजारी उभी होते, मला ऐकू आलं नाही.

शमा मागं न वळता म्हणाली, “या मामा. ही एवढी बघतो.”

तिनं बॉडी बघितली, पुढं सरकवली आणि वळली. शाल बघून हसली. बोलण्यासाठी हात वर नेऊन तिनं टोपडं काढायला घेतलं, तेव्हा मामांनी तिचा हात धरला.

“असू दे कानावर. मला तरी कुटं ऐकू येतंय? तू बोल नुस्तं. मी बघतो.”